आई आणि सुई

मी जन्मले तेव्हा बाबा नागपूरकडच्या एका सभेहून नुकतेच परतले होते, आणि पिशवीत उरलेली पत्रकं अंथरून त्यावर आईनं मला निजवलं होतं, असं घरात सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण मी अक्षरं पाटीवर नाही, पत्रकांवर शिकले, हे नक्की. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. आमचं गाव आदिलाबादच्या सीमेवरचं. राजधानी हैदराबाद, कचेरीतल्या पाट्या तेलुगूत, बाजार हिंदीत आणि घरातलं भांडण मराठीत. भांडण रंगात आलं की बाबा कपाटातून एखादी पुस्तिका काढायचे आणि आई म्हणायची, "ठेवा ते. भाकर थंडी होऊन राह्यली."

म्हणून मला दिवस गेले तेव्हा मीही घराण्याला शोभेल असंच केलं. पत्रक लिहिलं.

त्याचं कारण असं की मला कोणी काही सांगतच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात मी बेल्लमपल्लीहून आईकडे आले. नवरा तिकडे कोळशाच्या खाणीत कारकून, त्याला रजा मिळायची ती बाळ झाल्यावर. गल्लीतल्या ज्या ज्या बाईनं पोर जन्माला घातलं होतं, तिला तिला मी विचारलं, कळ कशी असते? कुठून सुरू होते? थांबते की नाही? उत्तरं सगळ्यांची एकच. "आली का समजते." "सोसा लागते, दुसरं का?" आणि मग अभिमानानं, "मी तं तोंडातून हूं काढलं नाई. बाजूच्या खोलीत सासऱ्याले पत्ता नोता."

आमच्याकडे हा मोठाच दागिना होता. जी ओरडली नाही ती घरंदाज. जी ओरडली तिची नक्कल पुढची दहा वर्षं पाण्याच्या नळावर व्हायची.

शेवटी तपासणीला गेले तेव्हा मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, गावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या तेलुगू, पण हिंदीत नीट बोलायच्या. त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं. पहिलटकरणीला वेळ लागतो, म्हणाल्या, पिशवीचं तोंड हळूहळू उघडतं. कळ येते, शिखरावर जाते, उतरते आणि मधे सोडून देते. ते मधलं रिकामं आपलं, त्यात श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, जमलं तर डुलकी काढायची. दुखणं कमी करायला पाठीच्या कण्यात द्यायची सुई असते, पण ती हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांत. इथे ती देणारा डॉक्टर नाही. इथे आहे ते कमरेतलं इंजेक्शन. "दर्द जाएगा नहीं, पर थोड़ा दूर हो जाएगा," त्या म्हणाल्या. झोप येईल, कदाचित मळमळेल. फार उशिरा मागितलं तर देता येत नाही, कारण बाळ सुस्त जन्मतं. मग मी विचारलं, आईला आत घेता येईल का? त्या हसल्या. "वो सिस्टर से पूछो." म्हणजे नाही.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. पानभर मजकूर, दोन मागण्या. बाळंतीण होणाऱ्या बाईजवळ तिची आई हवी. आणि तिनं मागितली तर तिला सुई हवी. वर मोठ्या अक्षरांत: आई आणि सुई! बाबांनी ते शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढून आणलं आणि रविवारी विहारात बायकांच्या बैठकीत मी ते उभी राहून वाचलं, पोटावर एक हात ठेवून. म्हणाले, मी स्वतः हे करून दाखवीन. दाबून सोसणार नाही. आईशिवाय आत जाणार नाही. सुई मागेन.

मग शेजारच्या मावशी, ज्यांनी आयुष्यात कोणतीच सभा शांतपणे होऊ दिली नाही, त्या म्हणाल्या, "बोल बोल. कळ आल्यावर पाह्यतो ना आमी, कागद वाचतं का पदर चावतं."

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. आई हसली नाही.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले आत बलावतं ते ठीक आहे. पण सुई नको घेऊ. कळ खाल्ल्याबिगर लेकराची माया लागत नाई."

"हे कोणी सांगितलं?"

"माह्या सासूनं. तिले तिच्या सासूनं."

मी लगेच वाद घातला, ढिगानं दाखले दिले. पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्या पोटावर हात ठेवून बसलं. सुई घेतली आणि खरंच माया आली नाही तर? सगळ्या गल्लीला मी शब्द दिला होता, आणि पहिली विरोधक माझ्याच चुलीपाशी बसली होती. तिलाच तर मला सोबत न्यायचं होतं.

एकदा खोट्या कळांनी मला दवाखान्यापर्यंत पळवलं आणि हात हलवत परत आणलं. पोट आवळायचं, पण चालायला लागलं की निघून जायचं. मावशींनी ओट्यावरून विचारलं, "का व, सभा रद्द झाली का?"

खरी कळ आली ती सकाळी, नळाला पाणी आलं तेव्हा. ती पोटात नव्हतीच मुळी. कमरेत मागे, जणू कोणी ओलं धुणं पिळतंय. मी घागर ठेवली. कळ पुढे सरकली, पोट दगड झालं, मग सुटलं. चालून पाहिलं तर गेली नाही, उलट जोरानं आली. चिकट, रक्ताचा अंश असलेलं पाणी दिसलं. आईनं पाहिलं आणि घाई केली नाही. "घरातच फिर अजून. दोन घास खा. तिथं गेली का कोणी खाऊ देत नाई." मी अंगणात फेऱ्या मारल्या, मऊ भात खाल्ला, आणि कळ आली की खांबाला कपाळ टेकवून उभी राहिले. तोपर्यंत मला वाटत होतं, हे तर जमण्यासारखं आहे. प्रत्येक पहिलटकरणीला तोवर तसंच वाटतं, हे मी आता सांगू शकते.

दुपार चढली तसं मधलं रिकामं आखडलं आणि बोलणं बंद झालं. मग बाबांनी ऑटो आणला.

दवाखान्यात सिस्टर एकटी होती आणि सकाळपासून उभी होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तिनं तपासलं. तपासणी दुखते, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. "दो उंगली खुला है. अंदर चलो. अकेले." तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दार दाखवलं. बाहेरचं.

बाबा पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला, आणि त्या व्हरांड्यात उभं राहून हिंदीत भाषण सुरू केलं. नागरिकाचे अधिकार, स्त्रीचा सन्मान, आईचं स्थान. भाषण चांगलं होतं. सिस्टर मधेच निघून गेली.

आतून एक आवाज येत होता, कोणीतरी तोंडात कापड कोंबून कण्हत असल्यासारखा. बेज्जूरकडच्या जंगलातल्या गावाहून आलेली एक मुलगी आत होती. तिची आई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. मुलीचं कण्हणं मोठं झालं तशी सिस्टर आतून ओरडली, "अरवकू अम्मा, अरवकू!" ओरडू नकोस. आणि मग हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पति के पास जाते टाइम चिल्लाई थी क्या?"

बाहेर बसलेल्या तिच्या आईनं मान खाली घातली. तिला हिंदी कळत होती की नाही कोण जाणे, सूर कळत होताच.

मला त्या क्षणी कळ आली आणि राग आला, आणि दोन्हींपैकी कोण मोठं होतं ते सांगता येणार नाही. मी प्रसूतिखोलीच्या उंबऱ्यावर खाली बसले. अर्धी आत, अर्धी बाहेर. दार लागू शकत नव्हतं.

"ये क्या कर रही हो?"

"धरना," मी म्हणाले. आणि कळ उतरल्यावर जी पहिली ताकद आली तिनं घोषणा दिली, जशी लहानपणापासून बाबांच्या खांद्यावर बसून देत आले होते: "आई आत!"

बाबांना सवय होती. त्यांच्या तोंडून आपोआप उत्तर निघालं, "नाहीतर आम्ही बाहेर!"

"आई आत!"

"नाहीतर आम्ही बाहेर!"

दुसऱ्यांदा व्हरांड्यातले इतर नातेवाईकही ओरडले. त्यांत निम्मे तेलुगू होते, त्यांना अर्थ लागला नसावा, पण घोषणेला काय, ताल पुरतो. तिसऱ्यांदा घोषणा देताना कळ आली आणि "आई"च्या "ई"चा इतका लांब, खोल, बैलासारखा आवाज निघाला की मीच चकित झाले. आणि काय सांगू, त्या आवाजावर स्वार होऊन कळ पार झाली. दात आवळून सोसलेल्या सकाळच्या कळांपेक्षा सोपी गेली. हे कुठल्याच पुस्तिकेत मी वाचलं नव्हतं: ओरडणं म्हणजे हरणं नव्हे, उतारावर गाडी सोडणं असतं.

डॉक्टरीणबाई आल्या. "क्या तमाशा है?" त्यांनी मला ओळखलं. उंबऱ्यावरची मी, भिंतीला टेकलेली ती दुसरी आई, दारात उभी सिस्टर, सगळ्यांकडे पाहिलं. मग कपाळ चोळत म्हणाल्या, "एक एक औरत. हाथ धोके. पैर धोके. कोई बीच में नहीं बोलेगा."

सिस्टर काही म्हणायच्या आत आईनं नळावर हात कोपरापर्यंत धुतले होते. आणि त्या बेज्जूरकडच्या बाईला दंडाला धरून उठवलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एका आईसाठी उघडलेल्या दारातून दोघी शिरल्या.

अर्धी लढाई जिंकली होती. उरलेली अर्धी आता माझ्या पाठीवर तळहात चोळत उभी होती.

आत गेल्यावर कळा बदलल्या. आता त्या लाटा नव्हत्या, एकीच्या शेपटीवर दुसरी उभी राहत होती. अंग थरथरायला लागलं. उलटी झाली. मला वाटलं, माझ्याकडून होणार नाही, घरी जाऊ या. मी हे आईला खरंच म्हणाले, "घरी चल." आणि मग सुई आठवली. मी डोकं वळवून आईकडे पाहिलं. मला तिची परवानगी नको होती, असं मी पत्रकात लिहिलं असतं. पण हवी होती.

"आई, सुई मागू?"

ती चोळत राहिली. मग हात थांबला. कळ गेली होती.

"तुह्या धाकट्या भावाच्या येळेस," ती हळू म्हणाली, "तुह्या बाबानं दोर काढून टाकला होता. आड्याले बांधलेला. तुम्ही तिघं त्या दोराले धरून झाले. धम्म घेतल्यावर सटवाई गेली, तिचा पाट गेला, नारळ गेला. अन् त्याच्याच संगं गल्लीतल्या गड्यायनं सगळ्या घरचे दोर गोळा करून नाल्यात सोडले. मी जमिनीवर पडून कळा खाल्ल्या. हूं केलं नाई. लोकं म्हणे, वा." तिनं पुन्हा चोळायला घेतलं. "तीन दिवस मले त्या लेकराचं तोंड पाह्यची इच्छा नोती. कोणालेच सांगितलं नाई. कळीनं माया आली नोती, गेली होती. चौथ्या दिवशी परत आली, तवा मी लपून रडली."

पुढची कळ आली. तिनं मला धरलं, आणि माझ्या डोक्यावरून, मी आयुष्यात ऐकला नव्हता अशा आवाजात ती सिस्टरवर ओरडली:

"अवो बाई! सुई द्या माह्या पोरीले! काऊन उभ्या तुमी?"

मराठी सिस्टरला कळत नव्हती. पण सुई कळली. तिनं तपासलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. चार बोटं; अजून वेळ आहे, देता येईल. टोचल्याचं मला जाणवलंही नाही. थोड्या वेळानं डोकं जड झालं, तोंड कोरडं पडलं. खोटं बोलणार नाही: कळा गेल्या नाहीत. पण त्यांच्यात आणि माझ्यात कोणीतरी गोधडी टाकली. दोन कळांच्या मधे मी चक्क घोरले, असं आई सांगते. शिखर आलं की जाग यायची, ओरडायचे, पुन्हा झोप. बाजूच्या टेबलावरच्या मुलीची आई लेकीच्या केसांतून हात फिरवत गुणगुणत होती. लेकीच्या तोंडातलं कापड कधीच खाली पडलं होतं.

गुंगी विरली तसा पाठीतला ठणका वाढला आणि आडवं पडणं अशक्य झालं. मी उठायला लागले. सिस्टर म्हणाली, झोप. आईनं काही न बोलता पिशवीतून बाळासाठी आणलेलं जुनं, धुतलेलं लुगडं काढलं, पीळ दिला, आणि मागच्या उंच खिडकीच्या गजाला अडकवलं. दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. डॉक्टरीणबाई बघत होत्या. "जब तक पूरा नहीं खुलता, खड़ी रहने दो," त्या म्हणाल्या. "फिर टेबल पर."

लुगडं गजावरून सरकत होतं. खिडकीखाली कडुलिंब होता आणि कडुलिंबाखाली बाबा असणार, हे आईला ठाऊकच होतं.

"अवो! ऐकता का?"

"काय झालं? झालं का?" बाबांचा घाबरलेला आवाज.

"बाहीरून गाठ मारा गजाले, घट्ट! अन् आत पाहू नका! देवीले टाकलं ते बरं केलं. दोरानं का केलं होतं तुमचं?"

मग दगड सरकवल्याचा आवाज, आणि गजाबाहेर दोन हात दिसले, खडूनं पांढऱ्या पडलेल्या बोटांचे. त्यांनी लुगड्याला गाठ मारली. ओढून पाहिली. आणखी एक मारली.

मी त्या गाठीला लोंबकळले. गुडघे वाकवले, सगळं वजन सोडून दिलं, आणि आईनं कमरेवर मुठी दाबल्या. काहीतरी खाली सरकलं. ती सरक मला आजही आठवते, कुलपात किल्ली बसल्यासारखी. आणि मग आवाजच बदलला. दुखणं जाऊन जोर आला, अडवता न येणारा. सिस्टर धावली. टेबलावर घेतलं, आईच्या छातीला पाठ टेकवून अर्धी बसती. जी सिस्टर मला गप्प बसवत होती तीच आता ओरडत होती, "ज़ोर लगा! और! और! शाबाश!" आग झाली, ताण, अंग फाटेल असं वाटलं, सिस्टरनं "अब मत, फूँक मार" म्हटलं, मी फुंकर मारली, आणि एक गरम, ओलं, चिडलेलं माणूस माझ्यातून निसटलं.

मुलगी. तिनं पहिली घोषणा दिली ती बाहेर बाबांना ऐकू गेली. त्यांनी उत्तर दिलं, पण काय, ते त्यांनाही आठवत नाही.

सिस्टरनं तिला माझ्या छातीवर ठेवलं. टाके घालायचे होते, त्याआधी बधिर करायची सुई दिली. तीही मागून घ्यायची असते, हे लिहून ठेवते. मी मुलीकडे पाहत होते आणि वाट पाहत होते. माया येते का? ती माझ्याकडे एका डोळ्यानं पाहत होती, दुसरा चिकटलेला. मला हसू आलं. इतकं हसू आलं की सिस्टर म्हणाली, हिलो मत. आई माझ्याकडे बघत होती, मुलीकडे नाही. तिनं माझा चेहरा वाचला, आणि पदरानं तोंड झाकून बाजूला झाली.

बाजूच्या टेबलावरच्या मुलीला दिवे लागणीला मुलगा झाला. तिच्यासाठीही सुई मागितली होती. तिच्या आईनं, बोटानं माझ्या कमरेकडे खूण करून.

घरी परतलो त्या दिवशी मावशी ओट्यावर होत्याच. "का व," त्यांनी विचारलं, "पदर चावला का कागद वाचला?"

"ओरडली," आई माझ्या आधी म्हणाली. "असं ओरडली का दवाखान्याच्या खिडक्या हालल्या. अन् मीबी ओरडली."

मावशी गप्प झाल्या. गल्लीच्या इतिहासात ही नोंद करण्यासारखी गोष्ट. मग त्यांनी बाळाचं दुपटं बाजूला केलं, तिचं नाक चिमटीत धरलं आणि हळूच विचारलं, "सुई लय टोचते का? माह्या सुनेले पाचवा लागला."

पत्रकाची दुसरी आवृत्ती त्या आठवड्यातच निघाली. मी बाळंतीण होते, म्हणून आईनं सांगितलं आणि बाबांनी लिहिलं. तिसरी मागणी दोराची होती. बाबा त्या ओळीपाशी बराच वेळ पेन धरून बसले. "देवीचा नव्हे, असं स्पष्ट लिहावं लागेल," ते म्हणाले.

"लिहा," आई म्हणाली. "अन् गाठ कोणं मारली तेबी लिहा."